उजव्या दगडाखाली

मला गाव मेजर म्हणतं, पण मी मेजर नाही. मी हवालदार होतो, इंजिनिअर रेजिमेंटला. आमच्याकडं फौजेतनं परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, मग तो तिथं भांडी घासत का असेना. मी भांडी घासली नाहीत. मी अठरा वर्षं सुरुंग शोधले. कानाला हेडफोन, हातात मशीन, आणि पुढचं पाऊल टाकायचं की नाही ते कानावर ठरायचं. माझा राग नाकावर असतो असं घरातले म्हणतात. घाईनं पाऊल टाकणाऱ्या पोरांना ज्यानं अठरा वर्षं शिव्या घातल्या, त्याचा राग कुठं असणार, दुसऱ्याच्या नाकावर?

पेन्शनीत आलो आणि हात गप बसेनात, म्हणून धातू शोधायचं स्वतःचं एक मशीन घेतलं. पाटणच्या अलीकडं माझं गाव. कुणाची अंगठी भाताच्या खाचरात पडते, कुणाचं जोडवं लग्नाच्या मांडवात जातं, कुणाच्या पोराची साखळी नदीच्या वाळूत हरवते. ते मला बोलावतात. मी जातो, शोधतो, चहा पितो आणि परत येतो. पण गुप्तधनाचं नाव काढणाऱ्या माणसाला मी पायरी चढू देत नाही. पिशवीत लिंबं घेऊन येतात लेकाचे, आणि कानाशी लागून म्हणतात, निम्मं तुमचं. असलं काही सापडलं तर सरकारला कळवावं लागतं हे सांगितलं की त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

म्हणून फेब्रुवारीत एक बाई दारात उभी राहून म्हणाली, "मेजर, रुपयांची जुनी माळ हुडकायची हाय, बावीस वर्सं जमिनीत हाय," तेव्हा मी तिला आल्या वाटेनं परत जायला सांगितलं.

ती हलली नाही. "मी गुप्तधन मागाय आले न्हाई," ती म्हणाली. "माझ्यावर चोरीचा आळ हाय. त्यो काढायचाय."

माझी बायको मनूबाई आतून पाणी घेऊन आली आणि माझ्याकडं न बघताच तिला आत बसवलं. आमच्या घरात माझा हुकूम एवढाच चालतो.

बाईचं नाव अर्जुना. वय पंचेचाळिशीच्या आसपास. शिरवळला एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची. जात धनगर, सासर वडूजकडचं. दिवाळी झाली की हे लोक घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचे. तिथले शेतकरी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखतासाठी. एका रानात चार-पाच रात्रींचा मुक्काम, पण कळप रोज थोडा पुढं सरकवायचा, म्हणजे सगळ्या रानाला खत मिळतं. कळप सरकला की चूलही सरकते.

"आनि दागिनं?" मनूबाईनं विचारलं. बायकांना बरोबर तेच सुचतं.

"चुलीखाली," अर्जुना म्हणाली. "उघड्यावरचं बिऱ्हाड आमचं, ना दार ना कडी. जेवणं झाली, इस्तू निवला, की चुलीचा उजव्या अंगाचा दगड उचलायचा, इळ्यानं ईतभर उकरायचं, फडक्यात बांधून ठिवायचं. वर माती, वर राख, वर दगड. पहाटं चूल पेटवायच्या आदी काढायचं. चोर बी चुलीत हात घालत न्हाई."

तिच्या सासूची, हरणाबाईची, बंद्या रुपयांची माळ होती. राणीच्या छापाचे चांदीचे रुपये, प्रत्येकाला कडी जोडलेली, काळ्या लोकरीच्या दोरीत ओवलेले. वाळव्याकडच्या एका गावात नाथाजी पाटलांच्या रानात बिऱ्हाड असताना, चौथ्या दिवशी संध्याकाळी हरणाबाईनं गाठोडं सोडलं, तर माळ नाही. ती म्हणाली, पहाटे मी चुलीतनं काढली आणि गाठोड्यात ठेवली. आणि ते गाठोडं नव्या चुलीपाशी उचलून नेलं होतं अर्जुनानं. झालं, निकाल लागला. नवरा धुळा आईपुढं कधी तोंड उघडायचा नाही, तेव्हाही उघडलं नाही. तिला तिथूनच माहेरी हाकलली. तीन वर्षांचा पोरगा मल्हार त्यांनी ठेवून घेतला. चोरटीच्या हातात पोर देत नाही म्हणाले.

"आता त्यो पंचवीसचा झाला," ती म्हणाली. "पिकअप चालवतो. वडूजच्या स्टँडवर एकदा म्होरं उभी ऱ्हायले. म्हणाला, माझी आय न्हाई. मला आजीनं वाढवलंय." हे सांगताना तिचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. मनूबाईनंच पदर तोंडाला लावला.

मी म्हणलं, "बाई, बावीस वर्षं काय करत होतीस मग?"

"दर साली ऊस तुटला की त्या रानाच्या कडंनं जाऊन बघून येत हुते. काय बघत हुते मला बी ठावं नव्हतं. पर औंदा दोन गोष्टी झाल्या. म्हातारी लय थकलीय. ती गेली तर आळ कोण मागं घेणार? जिनं घातला तिनंच काढाय पायजे. आनि नाथाजींचा पोरगा बांध फोडून दोन रानं एक करणार हाय. परवा जेसीबी येतोय."

"पण माळ जमिनीतच आहे कशावरून?"

"मी घेतली न्हाई. धुळानं घेतली न्हाई, त्येच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. मग कोण ऱ्हायलं? मेजर, कँटीनची ग्यासची टाकी मी रोज बंद करून निघते. एक दिवस निम्म्या वाटंत वाटलं, केली का बंद? केलीच, हातानं फिरवली, असं आटवत बी हुतं. म्हागारी जाऊन बघितली तर चालूच. तवा डोक्यात परकाश पडला. आत्याबाई खोटं बोलल्या न्हाईत. रोज पहाटं काढायच्या, त्या पहाटं बी काढली असंच त्यांना वाटलं. त्या पहाटं शेजारचा माणूस काठी घेऊन आला हुता, मेंढरं हरबऱ्यात शिरली म्हणून. सगळा कालवा झाला. काढायची ऱ्हायली."

लेन, म्हणजे सुरुंगातनं काढलेली वाट, तपासली म्हणून छातीवर हात ठेवून सांगणारी पोरं मी पाहिलीत. खोटं बोलत नव्हती ती. काल तपासलेली त्यांना आज तपासलेली वाटायची. त्यापायी एका पोराचा पाय गेला. मी उठलो, मशीनची बॅटरी चार्जिंगला लावली आणि मनूबाईला म्हणलं, पहाटे भाकरी बांध.

नाथाजी पाटील पंच्याहत्तरीचा माणूस, अंगानं काटक. ऊस नुकताच तुटून गेला होता, रानभर पाचट पसरलेलं. त्यानं मशीन बघितलं, अर्जुनाला बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मेजर, काय घबाड निघालं तर रान माझं हाय, हे ध्यानात असू द्या."

मी म्हणलं, "पाटील, घबाड निघालं तर मीच तहसीलदाराला फोन लावतो. तुमचं नाव आधी सांगतो."

त्यानंतर तो घबाडाचं बोलला नाही.

विहिरीपासून पन्नास पावलांवर तिसऱ्या रात्रीची चूल होती, जिच्याखाली माळ शेवटची पुरली, असं अर्जुनाला आठवत होतं. मी फौजेतल्यासारख्या सुतळीनं पट्ट्या आखल्या आणि एकेक पट्टी घेत गेलो. मशीनची थाळी जमिनीला लागेल न लागेल अशी धरायची, डावीकडं न्यायची, उजवीकडं आणायची, मग अर्धं पाऊल. घाई नाही. लोखंड कानात फाटका आवाज देतं, चांदीचा आवाज उंच आणि सरळ येतो. दिवसभरात ट्रॅक्टरचे नट निघाले, बाटल्यांची टोपणं निघाली, गुटख्याच्या पुड्या तर गावजेवणाला पुरल्या असत्या. या लोकांनी रानात शेती केली की गुटखा खाल्ला कळत नाही. दुपारी घोड्याचा एक नाल निघाला. अर्जुना तो हातात घेऊन कितीतरी वेळ बघत होती.

दिवस कलला तरी माळेचा पत्ता नाही. मी मशीन खाली ठेवलं आणि जे खरं होतं ते सांगितलं. "बाई, हे रान बावीस वर्षं नांगरलंय. माळ इथं असती तर ती तुटून विखुरली असती, एखादा तरी रुपया लागला असता. इथं नाही ती."

मला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. रानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मग खाली बसली, मग पुन्हा उठली. "पाटील, तवा पाट कुठनं जात हुता?" तिनं विचारलं.

"ह्या अंगानं," नाथाजीनं हात केला. "आता पाइपलाइन झाली. तवा पाट हुता, सारखा फुटायचा."

"तिसऱ्या सांजला फुटला हुता," अर्जुना म्हणाली. "सगळा गारा-चिखल झाला हुता खाली. पोराला कुठं निजवू म्हणून मी हिंडत हुते. मल्हारला मी उच्यावर, बाभळीखाली निजवला हुता, कोरड्यात. आनि चूल... चूल त्याच्या उशापाशी हुती, मेजर. त्याला ऊब लागावी म्हणून मीच तिथं मांडली. मी रानात हुडकतेय आनि चूल बांधावर हुती."

बांधावरची ती बाभूळ अजून उभी होती. बावीस वर्षांत तिचा बुंधा दोन हातांत मावेनासा झाला होता. आणि बांध कधीच नांगरला गेला नव्हता, माती-दगड वर पडून उलट फूटभर उंच झाला होता. पण अंधार पडत होता आणि मी अंधारात जमीन तपासत नाही, ती सवय मी फौजेत सोडून आलेलो नाही. अर्जुना नाथाजीच्या घरी बायकांत झोपली, मी त्याच्या सोप्यात.

सकाळी उजाडताच बांध घेतला. मुरमात लोखंडाचा अंश असतो, मशीन कुरकुरत राहतं, कान विटतात. मी बाभळीच्या बुंध्यापासून सुरुवात केली आणि फिरत फिरत बाहेर येत गेलो. बुंध्याच्या मावळतीकडं चार हातांवर आवाज आला. उंच, सरळ. मी थाळी परत फिरवली. आडवी नेली, तरी तोच. उभी नेली, तरी तोच. अंगावर शहारा आला. सुरुंगाच्या वेळी यायचा तसा नव्हे, वेगळा. मी लाल झेंडी रोवली आणि पिशवीतनं खुरपं काढलं.

"थांबा मेजर," अर्जुना म्हणाली. "हात लावू नगा."

"म्हणजे?"

"तुमी काढली काय आनि मी काढली काय, ते म्हणतील हिनंच पुरली आनि हिनंच काढली. आत्याबाईंनी याय पायजे. त्यांच्या हातानं काढाय पायजे."

माझं डोकं फिरलं. "अगं बाई, तुला कळतंय का तू काय बोलतीयेस? मशीन नुसता आवाज सांगतं, नाव सांगत नाही. खाली ॲल्युमिनियमचं झाकण असेल. बियरचा डबा असेल. त्या म्हातारीला शंभर किलोमीटरवरनं आणायची, चारचौघांत उकरायचं, आणि निघाला बियरचा डबा, मग? मग तू जन्मभर चोरटीच राहशील, आणि वर हसं होईल ते वेगळं. आधी बघू तर दे."

"बघितलं की उकरलेलं दिसतं," ती म्हणाली. "म्हातारीनं सगळी हयात मातीवर झोपून काढलीय. ताजी माती तिला लगीच कळंल."

"आणि डबा निघाला तर?"

"निघू द्या." ती झेंडीपासून दोन हातांवर मांडी घालून बसली. "ती येस्तवर मी हितनं उठत न्हाई."

मी खुरपं पिशवीत टाकलं. राग आला होता खरा, पण तिचं बरोबर होतं आणि हे मला, अठरा वर्षं हेच काम केलेल्या माणसाला, सुचलं नव्हतं, याचा जास्त राग होता.

मल्हारचा नंबर तिच्याकडं होता. तिचा फोन तो उचलत नाही, म्हणून मी माझ्या फोनवरनं लावला. माझं नाव सांगितलं, काम सांगितलं. तो म्हणाला, "आमाला त्या बाईचं काय ऐकायचं न्हाई." मी अशा पोरांशी कसं बोलायचं ते जाणतो. "तुला ऐकायला मी सांगतच नाही," मी म्हणलं. "माळ तुझी नव्हे, तुझ्या आजीची. फोन तिच्याकडं दे." मागनं म्हातारीचा आवाज आला, कोण हाय रं. फोन स्पीकरवर गेला असावा. मी पुन्हा सगळं मोठ्यानं सांगितलं.

मग हरणाबाई बोलली, "ती तिथं हाय का?"

"हाय."

"तिला म्हणावं, येते मी. मातीतनं काय निघतंय ते माझ्या डोळ्यांनी बघते. काय न्हाई निघालं, तर ह्याच्या म्होरं तिनं माझ्या नातवाच्या वाटंत उभं ऱ्हायाचं न्हाई. मरेस्तवर न्हाई. कबूल हाय का इचारा."

मी अर्जुनाकडं बघितलं. तिला ऐकू गेलं होतं. माझ्या मनात आलं, नको म्हण बाई, खुरपं अजून पिशवीत आहे, आधी बघून घेऊ.

"कबूल हाय," अर्जुना म्हणाली.

दहाला जेसीबी आला. नाथाजीचा पोरगा वीरधवल गाडीवरनं उतरला आणि बांधावर बसलेली बाई बघून त्यानं आधी बापाकडं, मग माझ्याकडं बघितलं. "हे काय चाललंय? जेसीबी भाड्याचा हाय. बाई, उठा."

अर्जुना म्हणाली, "चालवायचं तर चालवा."

मी जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो. साठीला टेकलेला माणूस जेसीबीपुढं उभा राहून काय दिवे लावणार, पण राहिलो. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. वीरधवलचा आवाज चढायला लागला. तेव्हा नाथाजी काठी टेकत पुढं आला.

"ह्याच रानात हिला हाकलली," तो पोराला म्हणाला. "बावीस वर्सं झाली. मी विहिरीवर उभा ऱ्हाऊन बघत हुतो. दुसऱ्याच्या घरातलं भांडण, आपल्याला काय, म्हणून गप बसलो. पोर तिच्या कमरंवरनं वडून घेतलं ते बी मी बघितलंय. आज गप बसत न्हाई. जा, त्या कडंच्या बांधाला सुरुवात कर. ह्या बांधाला मी सांगीन तवा हात लावायचा." आणि तोही बाभळीच्या सावलीत बसला.

वीरधवलचं बापापुढं काही चालेना, तो पाय आपटत गेला. आम्ही तिघं बसून राहिलो. ऊन चढलं. गावातली चार माणसं येऊन उभी राहिली, मग दहा झाली. कुणीतरी गुप्तधन म्हणलं आणि मी त्याच्याकडं असं बघितलं की तो मागं सरकला. नाथाजीच्या घरनं भाकरी आली. अर्जुनानं घेतली नाही. मी मात्र खाल्ली, उपाशीपोटी मला राग आवरत नाही. खाता खाता मी झेंडीकडं बघत होतो आणि सारखा मनात हिशेब करत होतो, चांदी असेल का डबा. खरं सांगतो, मला डब्याचंच भय जास्त वाटत होतं.

दीड वाजता पिकअप रस्त्यावर थांबली. हरणाबाई उतरली. सुकून गेलेली म्हातारी, कपाळभर गोंदण, हिरवं लुगडं, हातात काठी, कमरेला विळा खोचलेला. ती कुणाचा हात न धरता उसाच्या खोडक्यांतनं चालत आली. मल्हार गाडीतच बसून राहिला. दोन्ही हात स्टेअरिंगवर, तोंड समोर.

अर्जुना उठली. झेंडीपासून मोजून दहा पावलं मागं गेली आणि दोन्ही हात पदराबाहेर काढून उभी राहिली, सगळ्यांना दिसतील असे.

"कुठं?" हरणाबाईनं मला विचारलं. मी झेंडी दाखवली. "आधी माती बघून घ्या आजी," मी म्हणलं. "कुणी उकरली असेल तर आत्ताच सांगा."

ती खाली बसली. तळहातानं गवत बाजूला केलं, मुळाशी बोट घालून बघितलं, चिमूटभर माती उचलून नाकाशी नेली. तिला घाई नव्हती. "न्हाई उकरलेली," ती म्हणाली, आणि तिला ते बोलायला जड गेलं हे दिसत होतं. मग तिनं विळा काढला.

आधी गवताचा गड्डा निघाला. मग मुरूम. वीतभर गेली तरी काही नाही. म्हातारीच्या हाताची शीर ताठ होत होती, पण मी पुढं झालो नाही. कुणीच झालं नाही. दीड वीत झाली आणि विळ्याला लाल माती लागली, भाजून वीट झालेली, तिच्यात कोळशाचे तुकडे. हरणाबाईचा हात थांबला.

"चूल हाय ही," ती म्हणाली, आपल्याशीच.

मग तिनं विळा ठेवला आणि बोटांनी उकरायला लागली. काहीतरी काळं वर आलं, गोल, रुपयाएवढं. दुसरं आलं. दोरी कुजून गेली होती, फडक्याचा धागाही नव्हता, पण रुपये होते तसे एकावर एक होते. तिनं त्यांना धरून ओढलं तर ते येईनात. तिनं माती झाडली. बाभळीचं करंगळीएवढं मूळ तिथनं गेलं होतं, आणि ते तीन रुपयांच्या कड्यांमधनं आरपार जाऊन पलीकडं जाड झालं होतं.

नाथाजीनं वाकून बघितलं. "हे मूळ काय कुणी काल घालून ठिवलं न्हाई," तो म्हणाला.

पलीकडच्या बांधावर जेसीबी चालू होता तेवढाच आवाज. हरणाबाई त्या खड्ड्यापुढं बसली होती, हात मातीत तसेच. तिचे ओठ हलले. "मीच इसारले," ती म्हणाली. "पहाटं काढायची मीच इसारले गं."

"ऐकू आलं न्हाई," अर्जुना म्हणाली.

आम्हा सगळ्यांना ऐकू आलं होतं.

"तवा कशा बोलला हुता, आत्याबाई? विहिरीवर पाटलांना ऐकू गेलं. पलीकडच्या शिवारातली माणसं काम टाकून बघाय आली. आता बी तसंच म्हणा. मला नगं. त्यो तिकडं गाडीत बसलाय, त्याला ऐकू गेलं पायजे."

म्हातारीनं काठी ओढून घेतली. तिच्यावर भार देत ती उठायला लागली. माझा हात आपोआप पुढं गेला. अर्जुनानं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मी तो मागं घेतला. हरणाबाई उभी राहिली, रस्त्याकडं तोंड केलं, छातीत हवा भरली.

"मल्हार," ती ओरडली. "तुझी आय चोर न्हाई रं. माळ हितंच हुती. मी इसारले. तुझ्या आयनं काय घेतलं न्हाई." शेवटी तिचा आवाज फाटला आणि ती खोकत राहिली.

गाडीत काही हललं नाही.

"आनि एकदा," अर्जुना म्हणाली.

मला ते बघवेना. ऐंशीच्या घरातली म्हातारी, उन्हात, धाप लागलेली. पुरे कर बाई, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण मी अर्जुनाच्या तोंडाकडं बघितलं. दोन दिवसांत न रडलेल्या त्या बाईच्या गालांवरनं पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी तोंड मिटलं.

हरणाबाईनं पुन्हा ओरडून सांगितलं. शब्दाला शब्द तेच. या खेपेला पिकअपचं दार उघडलं. मल्हार खाली उतरला आणि दाराला धरून तिथंच उभा राहिला, पाय पुढं टाकावा की नाही हे न कळल्यासारखा.

मग म्हातारी वळली. काठी टेकत टेकत ती दहा पावलं चालून अर्जुनाच्या पुढं गेली, तिचा हात मनगटाला धरला, तो वर उचलला आणि रस्त्याकडं तोंड करून तिसऱ्यांदा ओरडली, "तुझी आय चोर न्हाई रं." ते तिला कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं.